सुमनबाय आणि उन्हात दिसणारा लॅपटॉप

सुमनबाय म्हात्रे कुणाला माफ करत नसे. मी ही तिची निंदा करत नाही. काही माणसांना गोड चालत नाही, काहींना पाण्याची भीती वाटते, तसं तिला माफ करणं जमत नसे. एकदा मी तिला म्हटलं होतं, "अहो, विसरून जावं माणसानं." तर ती म्हणाली, "कशाला? डोक्यातली जागा काय भाड्याची हाय?"

रोह्याजवळ धाटावला एका केमिकल कंपनीत आम्ही बारा वर्षं बरोबर काढली. मी स्टोअरचा माणूस, ती इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटची. त्या काळी कंपनीत बाई म्हणजे एक तर टेलिफोनवर, नाही तर ऑफिसात टाइपरायटरपुढे. सुमनबाय आयटीआय करून आलेली. साडीवर खाकी शर्ट चढवून, अंबाड्यात टेस्टर खोचून ती वीस फुटी शिडीवर चढायची. गाव पेणच्या खाडीकडचं, बाप मिठागरात राबलेला. सकाळच्या गाडीनं पेणहून रोह्याला यायची, आणि ज्या दिवशी डब्यात सुकटीची चटणी नसेल त्या दिवशी तिच्या वाटेला कुणी जायचं नाही. माणसांना ती नावानं हाक मारत नसे, खात्यानं मारायची. "ओ बॉयलर, वाफ कमी करा." "ओ स्टोअर, माझी तार आली काय?" मी बारा वर्षं स्टोअरच राहिलो.

तापमान आणि दाब मोजणारी यंत्रं नीट ठेवणं हे तिचं काम. तेव्हा प्रत्येक रिअॅक्टरशेजारी चार्ट रेकॉर्डर असायचा. त्यात एक गोल कागद हळूहळू फिरायचा आणि शाईचं पेन त्यावर चोवीस तासांच्या तापमानाची रेघ काढत राहायचं. आम्हाला ती नुसती रेघ. सुमनबाय ती वाचायची. "ही बघा, इथं शिंदे बिडी प्यायला गेला. हा आला परत, आणि घाईघाईत वाफ जास्त सोडली." शिंदे खरंच बिडी प्यायला गेलेला असायचा. मी म्हणायचो, बाई, तुम्हाला हे शिकवलं कुणी? "बापानं. त्याला खाऱ्या पाण्याचा रंग बघून कळायचा, मीठ कधी धरणार ते. माझ्याकडं थर्मामीटर हाय, एवढाच फरक."

तिच्या स्वभावाची चुणूक आम्हाला एका सेफ्टी वीकच्या कार्यक्रमात मिळाली. एका शिफ्ट ऑफिसरच्या हातून एक बॅच जळाली होती आणि त्यानं लॉगबुकात लिहून टाकलं होतं की इन्स्ट्रुमेंटवाल्या बाईंचा काटा चुकीचा होता. सुमनबाय तेव्हा काही बोलली नाही. मॅनेजरनं तिला झापलं, तेही ऐकून घेतलं. आठ महिन्यांनी त्याच ऑफिसरला उत्कृष्ट शिफ्टचं बक्षीस जाहीर झालं. मांडव भरलेला, मुंबईहून मोठे साहेब आलेले, हारतुरे चाललेले. तो ऑफिसर बक्षीस घ्यायला उठला तशी ही तिसऱ्या रांगेतून उठली, स्टेजवर गेली आणि त्या रात्रीचा चार्ट साहेबांच्या हातात दिला. "साहेब, बक्षिसाबरोबर हा पण द्या त्यांना. कुठल्या वेळेला झोप लागली ती रेघेत दिसतेय."

नंतर मी विचारलं, चार्ट होता तर तेव्हाच का नाही दाखवलात? डब्याचं झाकण लावता लावता ती म्हणाली, "तेव्हा दाखवला असता तर चार जणांनी बघितला असता."

मंगेश तिचा भाऊ, अकरा वर्षांनी धाकटा. डोलवीच्या प्लांटात कंत्राटावर वेल्डर होता आणि त्याला मोटरसायकलच्या शर्यतींचं वेड होतं. पेणला हायवेच्या कडेला विलास गुंजाळचं गॅरेज होतं, त्याच्या टीमकडून तो पळायचा. गुंजाळला सगळे उस्ताद म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, तो उस्ताद होताच. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून आतला दोष सांगायचा. बोलायला गोड, अंगठ्यात चांदीची अंगठी, आलेल्या प्रत्येकाला आधी चहा. एका ऑइलवाल्या कंपनीचा त्याला पाठिंबा होता. त्यांनी त्याला परदेशातून एक काळी डबी आणून दिली होती, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. ती गाडीला लावली की इंजिनाचा आरपीएम, चाकाचा वेग, थ्रॉटल किती पिळलाय, हे सगळं ती क्षणाक्षणाला साठवून ठेवायची. शर्यत संपल्यावर डबी वायरनं लॅपटॉपला जोडायची, की ट्रॅकवरच्या प्रत्येक फेरीची रेघ पडद्यावर. गाडी कुठल्या वळणावर किती वेगात होती, ब्रेक कुठं दाबला, सगळं.

सुमनबायनं ती डबी पहिल्यांदा पाहिली तेव्हा दुसऱ्या दिवशी कंपनीत येऊन तिनं मला तासभर तेच सांगितलं. "अहो स्टोअर, हा तर आपला चार्टच की! फक्त पळतोय!" गुंजाळनं तिला गळ घातली, बाई, आमच्या डबीला सायलेन्सरच्या तापमानाचीही तार जोडून द्या. इंजिन किती तापतंय ते कळेल. तिनं दोन रविवार खर्ची घालून स्वतःच्या हातानं ती तार बनवली आणि बसवून दिली. डबीचा प्रोग्राम असलेल्या फ्लॉपीची एक कॉपी गुंजाळनं तिला तेव्हाच दिली, चाचणीसाठी.

त्या वर्षी घाटावर एका जुन्या, बंद पडलेल्या धावपट्टीवर शर्यत होती. शेवटच्या तीन फेऱ्या राहिल्या असताना, सरळ पट्ट्यात, पूर्ण वेगात, मंगेशच्या गाडीचं मागचं चाक एकाएकी जाम झालं. गाडीनं त्याला फेकलं आणि मग ती त्याच्यावर येऊन पडली. डावा गुडघा आणि खुब्याचं हाड, दोन्हींचा चुरा. पोरगा वाचला, पण कुबडीवर आला. शिडी चढता न येणाऱ्या वेल्डरला प्लांटात कोण ठेवणार?

चौथ्या दिवशी गुंजाळ हॉस्पिटलात आला. हातात दोन शहाळी. सुमनबायला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, ती डबी कुठं दिसली का हो? गाडीवर नव्हती." दोन दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा डबी. मंगेश पलंगावर कण्हत होता, त्याला कसं आहे म्हणून विचारलंही नाही. डबी पलंगाखालीच होती. कुणीतरी गाडीचे विखुरलेले तुकडे मंगेशच्या हेल्मेटबरोबर एका पिशवीत भरून अॅम्ब्युलन्समध्ये टाकले होते, त्यात डबीही होती, तारेसकट.

"पहिल्यांदा विचारला तेव्हा मी उठून देणारच होते," सुमनबाय मला सांगत होती. "दुसऱ्यांदा विचारला तेव्हा म्हटला, हा डबीला एवढा घाबरतो कशाला? म्हटला, नाय दिसली."

पुढच्या महिन्यात शर्यतीच्या क्लबचं पत्र आलं. गुंजाळनं लेखी दिलं होतं की रायडर आदल्या रात्री प्यायला होता, सकाळी त्याचे हात थरथरत होते, आणि घाबरून चुकीचा गिअर टाकल्यामुळे चाक जाम झालं. मंगेशचं लायसन कायमचं रद्द. पुढच्या शर्यतीत हे पत्र लाउडस्पीकरवरून वाचून दाखवलं, इतर रायडरांना धडा म्हणून. मंगेश दारूच्या वासालाही उभा राहायचा नाही, हे गावाला ठाऊक होतं. पण गाव ते. चार दिवसांत लोक म्हणायला लागले, "बेवड्याला गाडी द्यावी कुणी?"

हे तिच्या कानावर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुमनबाय माझ्या टेबलाशी आली. रिकाम्या डब्यात ती काळी डबी होती. "ओ स्टोअर, तुमचा कॉम्प्युटर अर्धा तास लागल."

स्टोअरच्या कॉम्प्युटरवर त्या फेऱ्यांच्या रेघा उमटल्या तेव्हा मला काहीच कळलं नाही. तिनं अंबाड्यातला टेस्टर काढला आणि पडद्यावर टोक ठेवून वाचून दाखवलं. मंगेशनं प्रत्येक फेरीत ब्रेक एकाच जागी दाबला होता, चार पावलं इकडं नाही की तिकडं. "प्यालेला माणूस असा पळंल?" मग तापमानाची रेघ. ती फेरीगणिक वर चढत होती. आणि शेवटी थ्रॉटल पूर्ण पिळलेला, वेग आणि आरपीएमचा मेळ तोच, म्हणजे गिअर तोच, आणि आरपीएमची रेघ कुणी सुरीनं कापावी तशी शून्यावर. इंजिन आतल्या आत तापून धरलं होतं. मंगेश तिला सांगत होताच. शर्यतीच्या आधी गुंजाळनं कार्ब्युरेटरमधला जेट बदलून लहान भोकाचा टाकला होता. पेट्रोल कमी मिळालं की टू-स्ट्रोक इंजिन जोरात पळतं, पण त्याला पेट्रोलमधून मिळणारं तेलही कमी पडतं आणि ते तापत जातं. मंगेश नको म्हणाला होता. उस्ताद म्हणाला होता, घाबरतोस काय?

सुमनबायनं आणखी एक रेघ काढली. त्याच दिवशीच्या सकाळच्या सरावाची. तिच्यावर टेस्टर ठेवला.

"हा आकडा मी बघितला होता," ती म्हणाली. "सकाळी, उस्तादच्या लॅपटॉपवर. म्हटला, गरम चाललाय. तर हसला. बाई, ही रेस हाय, तुमचा रिअॅक्टर नाय. आणि मी गप बसले, स्टोअर. मला कळत होता आणि मी गप बसले."

माफ न केलेल्यांच्या तिच्या यादीत गुंजाळच्याही वर एक नाव आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ते नाव खोडता येण्यासारखं नव्हतं. म्हणून सगळं खालच्या नावावर निघालं.

रेघांचे प्रिंट काढून आम्ही क्लबला पाठवले. सेक्रेटरींचं उत्तर आलं, असे कागद कुणीही तयार करू शकतो. मूळ डबी घेऊन आमच्या ऑफिसात या, आम्ही तिघं-चौघं बसून बघू. मला हे चांगलंच वाटलं. सुमनबायनं पत्राची घडी केली. "लाउडस्पीकर लावून बेवडा म्हणाले. आता खोलीत बसून सॉरी म्हणणार? नाय. ट्रॅकवर बघायचा. सगळ्यांच्या समोर, त्याच्या समोर." आणि तसं तिनं कळवलं. चार पत्रांनंतर सेक्रेटरी कबूल झाले. पुढच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, सरावाच्या वेळी, दुपारी, पाच मिनिटं.

त्या धावपट्टीवर वीज नव्हती. खांबसुद्धा नव्हता. झाड नव्हतं, छप्पर म्हणाल तर एक ताडपत्री. म्हणजे लॅपटॉप हवा. सुमनबायनं पीएफमधून पैसे काढले, रजा टाकली, आणि खरेदीचा अनुभव असलेला माणूस म्हणून मला मुंबईला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेली.

लॅपटॉप तेव्हा नवलाईचे होते. दुकानातल्या पोरानं खाकी शर्टातल्या बाईकडे एकदा पाहिलं आणि माझ्याशी बोलायला लागला. रंगीत पडदा, सीडी, गाणी. पडद्यावर मासे पोहत होते. मला भुरळच पडली. सुमनबायनं तो लॅपटॉप उचलला आणि दाराकडे निघाली.

"मॅडम, बाहर नहीं ले जाना!"

"उन्हात बघायचाय."

पोरगा आडवा आला, पण ती फुटपाथवर पोचली होती. उन्हात तो पडदा मेला. मासे गेले, रंग गेले, त्यात आमचीच तोंडं दिसायला लागली. तिनं तो पोराच्या हातात परत दिला. दुसरा दुकानदार, तिसरा, चौथा. जितका महाग, तितका उन्हात आंधळा. मी दमलो. म्हटलं, "बाई, वर छत्री धरू की."

"छत्रीखाली किती माणसं मावतील, स्टोअर?"

पाचव्या दुकानाच्या मालकानं, एका म्हाताऱ्या गृहस्थानं, आमचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आतून एक जाडजूड, करडा, ओरखडे पडलेला लॅपटॉप आणला. जुना. आधी कुठल्या तरी सर्व्हेच्या लोकांकडे होता म्हणे. रंग नाहीत, सीडी नाही, चालू व्हायलाच दोन मिनिटं. करड्या पडद्यावर काळी अक्षरं. पण फुटपाथवर नेला तर ऊन जितकं कडक तितकी अक्षरं स्पष्ट. सुमनबायचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा सैल झाला.

तरी तिनं लगेच हो म्हटलं नाही. दुकानासमोर एक टॅक्सी उभी होती. टॅक्सीवाल्याला चहाला पाठवून तिनं लॅपटॉप तापलेल्या बॉनेटवर ठेवला आणि अर्धा तास घड्याळ लावून उभी राहिली. थोड्या वेळानं पडदा उष्णतेनं काळवंडत गेला. म्हातारा हळहळला. तिनं कडेची छोटी चकती फिरवली, अक्षरं परत आली. "चालंल." मग उलटा करून मागची पट्टी वाचली. बारा व्होल्ट. "म्हणजे बॅटरी उतरली तर टेम्पोच्या बॅटरीवर चालवू." फ्लॉपी घालून बघितली, डबीची वायर लावून बघितली.

"बाई," मी म्हटलं, "एवढ्यात दुसरा रंगीत मिळेल हो. हा जुनाट आहे. लोक हसतील."

"हसूं दे. मला गुंजाळला उन्हात हरवायचाय. हा उन्हात दिसतो." आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "बांधा."

नंतरचा महिनाभर जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या मागच्या पत्र्याखाली तिचा सराव चालायचा. वायर लाव, डबी वाच, सकाळची रेघ, शर्यतीची रेघ, एकावर एक. पाच मिनिटांत सगळं. डबीतली साठवण एका बटणाएवढ्या बॅटरीवर जिवंत होती. ती मेली असती तर सगळं पुसलं गेलं असतं. सुमनबायनं डबीचं सील न तोडता बाहेरून दुसरी बॅटरी जोडली आणि आजाऱ्याची नाडी बघावी तशी ती रोज तपासायची. या दिवसांत ती कुणावर ओरडली नाही. कॅन्टीनवाला म्हणालाही, "बाई सुधारल्या वाटतं." मला मात्र सेफ्टी वीकच्या आधीचे आठ महिने आठवायचे.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं भाड्याच्या टेम्पोनं घाट चढलो. मंगेश यायला तयार नव्हता. "बाय, राहू दे गो," तो म्हणत होता. "माझा पाय काय परत येणार हाय?" तिनं त्याची कुबडी उचलून टेम्पोत टाकली, म्हणजे त्याला बसावंच लागलं. धावपट्टीवर पोचल्यावर तिनं मला पहिलं काम सांगितलं, चहावाला कुठं बसलाय बघून या. मला वाटलं, तिला चहा हवा आहे.

दुपारी टेम्पोच्या बॉनेटवर लॅपटॉप मांडला. तीस-चाळीस माणसं गोळा झाली, रायडर, मेकॅनिक, ऑइल कंपनीचा साहेब. गुंजाळ अंगठ्यातली अंगठी फिरवत उभा होता. सुमनबायनं सेक्रेटरींना आधी डबीवरचा नंबर वाचायला लावला आणि शर्यतीच्या दिवशी त्यांच्या वहीत नोंदलेल्या नंबराशी ताडून घ्यायला लावला. सील बघायला लावलं. मग वायर जोडली. करड्या पडद्यावर काळी रेघ सरकत आली. मागच्या माणसालाही दिसत होती.

मला वाटलं, आता ती बोलेल. ती बाजूला झाली.

"उस्ताद, या. तुम्ही वाचा. तुम्हाला येतो वाचता."

गुंजाळ हसला. "बाई, हे काय नाटक?"

"वाचा. तापमान मोठ्यानं वाचा. पहिली फेरी."

सेक्रेटरी म्हणाले, वाचा हो. गुंजाळनं वाचलं. दुसरी फेरी. तिसरी. आकडा चढत गेला तसा त्याचा आवाज बसत गेला. सहाव्या फेरीला मागून कुणी तरी रायडर म्हणाला, "आयला, मग सरावातही अशीच तापली असणार. आणि तरी गाडी सोडली?" गुंजाळ थांबला. मग एकदम त्याला वाट सापडली.

"तारच खोटी आहे!" तो ओरडला. "ही तार हिनंच बनवलीय. भावासाठी बहीण काहीही आकडा दाखवेल!"

लोक कुजबुजले. सेक्रेटरींनी तिच्याकडे पाहिलं. सुमनबायनं माझ्याकडे पाहिलं, आणि चहावाला मला का शोधायला लावला ते मला तेव्हा उमगलं. मी चहावाल्याला स्टोव्हसकट घेऊन आलो. पातेल्यात नुसतं पाणी खदखदत होतं. तिनं डबीची तीच तार सगळ्यांसमोर त्यात सोडली आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

"वाचा, उस्ताद."

गुंजाळ वाचेना. सेक्रेटरींनीच वाचलं. "अठ्ठ्याण्णव."

"उकळतं पाणी शंभर असतं," गुंजाळ घाईनं म्हणाला.

"समुद्राजवळ," सुमनबाय म्हणाली. "आपल्या पेणला. इथं घाटावर अठ्ठ्याण्णवलाच उकळतो. शाळेत शिकवतात."

कुणी तरी हसलं, आणि मग सगळेच हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. बऱ्याच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. गुंजाळ त्या हसण्याच्या मधोमध उभा होता आणि त्याच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. सुमनबाय हसली नाही. "अजून तीन फेऱ्या राहिल्यात," ती म्हणाली. "वाचा." आणि त्यानं त्या वाचल्या, आरपीएम शून्य होईपर्यंत. मग तिनं सेक्रेटरींना विचारलं, "तो लाउडस्पीकर कुठं हाय?"

पत्र मागे घेतल्याचं त्याच लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं. मंगेशचं लायसन परत मिळालं. तो टेम्पोत बसून होता, कुबडी मांडीवर आडवी. घोषणा झाली तेव्हा त्यानं काच वर केली. परतताना घाटात तो म्हणाला, "झाला ना बाय तुझ्या मनासारखा? आता सोड त्याला." सुमनबायनं लॅपटॉपची पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.

मला वाटलं होतं, हे इथं संपलं. ही तर सुरुवात निघाली. गुंजाळवर क्लबनं एकाच वर्षाची बंदी घातली, ती तिला पुरली नाही. ऑइल कंपनीच्या साहेबाला तिनं रेघा पाठवल्या, त्यांनी पाठिंबा काढून घेतला. बंदी संपून गुंजाळ परत ट्रॅकवर आला, तर समोरच्या टीमच्या तंबूत सुमनबाय, मांडीवर करडा लॅपटॉप. कुणाकडून काही घ्यायची नाही. शनिवारी रजा टाकून जायची, त्या टीमच्या रायडरला त्यांच्या डबीतली प्रत्येक फेरीची रेघ वाचून दाखवायची, तू इथं लवकर सोडतोस, इथं अजून दम हाय गाडीत. गुंजाळची गाडी एकही शर्यत जिंकली नाही. मग त्याला चांगले रायडर मिळेनात, मग गिऱ्हाइकंही हटली. ज्याच्या गाडीनं पोराचा पाय नेला त्याच्याकडे कोण गाडी देतो? दोन वर्षांत हायवेवरच्या गॅरेजला कुलूप लागलं.

त्याआधी गुंजाळ एकदा रोह्याला माझ्या घरी आला होता. चहाही घेतला नाही. "तुम्ही त्यांच्या ओळखीतले. सांगा ना त्यांना. माझी दोन पोरं शाळेत आहेत. चुकलो मी, भर चौकात सांगतो, पण आता बस म्हणावं." मी दुसऱ्या दिवशी सुमनबायला सांगितलं. ती कुठल्या तरी मीटरचा काटा चिमट्यानं सरळ करत होती.

"पोरं चालतात ना त्याची?" तिनं विचारलं. "दोन्ही पायांवर?"

पुढं मी तिच्याशी जपून बोलायला लागलो. दरम्यान मंगेशनं पेणला एका गणपतीच्या कारखान्यात रंगकाम धरलं. बसून करायचं काम. तो बरा होता, हसायचा, लग्न ठरलं होतं त्याचं. शर्यतींचं नाव काढत नसे. एकदा मला भेटला तर म्हणाला, "स्टोअरभाऊ, मी विसरलो तो सगळा. बायला नका सांगू."

मी कंपनी सोडली त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. कोलाडहून पेणला चाललो होतो. खांबला एसटी पंक्चर झाली, म्हणून उतरून चहाच्या टपरीवर उभा राहिलो. शेजारी पत्र्याचं एक गॅरेज होतं, ट्रकवाल्यांसाठी असतं तसलं. तिथं मालकाची खुर्ची रिकामी होती आणि एक माणूस उकिडवा बसून एका मोपेडच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवत होता. केस पांढरे झालेले. मी ओळखलंच नसतं, पण त्याच्यासमोर सुमनबाय उभी होती.

खाकी शर्ट नव्हता. हिरवी रेशमी साडी, केसांत अबोलीचा गजरा. एखाद्या लग्नाला निघावं तशी. मी जवळ गेलो.

"काय बाई, इकडं कुठं? गाडीला काय झालं?"

"काय नाय झाला," ती म्हणाली. माझ्याकडे तिनं वळून पाहिलं नाही. "महिन्यातून एकदा आणते."

पेणपासून खांब म्हणजे मोपेडवर सव्वा-दीड तास. गुंजाळनं वर पाहिलं, मला ओळखलं आणि मान खाली घातली. फडक्याला हात पुसून त्यानं किक मारली. मोपेड सुरू झाली, अगदी एकसारखी, कुठं अडखळ नाही. मला त्यातलं काही कळत नाही, पण यापेक्षा चांगली ती वाजू शकली असती असं मला वाटत नाही.

"बघा आता, बाई," तो म्हणाला.

सुमनबायनं डोळे मिटून ऐकलं. चांगलं मिनिटभर ऐकलं. एसटीच्या कंडक्टरनं घंटा दिली, लोक चढायला लागले. मी निघालो आणि पायरीवरून मागं पाहिलं.

"नाय," ती म्हणत होती. "परत कर."

आणि गुंजाळ पुन्हा खाली बसला.